नवी नोकरी आणि दुसरा महिना: लगेच सांगावं की तिसरा संपेपर्यंत थांबावं?

ऑफर लेटर येणं आणि गरोदरपणाच्या चाचणीवर दोन रेघा दिसणं, या दोन गोष्टींत माझ्या बाबतीत जेमतेम नऊ दिवसांचं अंतर होतं. नोकरी घ्यायची की नाही, हा प्रश्न मला पडला नाही. घ्यायचीच होती. अडलं होतं ते नव्या ठिकाणी कधी सांगायचं यावर. आज जी कुणी याच जागी अडली असेल तिच्यासाठी हे लिहितेय, कारण एकाच नोकरीत मी दोन्ही करून पाहिलंय. पहिले साडेतीन आठवडे गप्प राहिले आणि मग सांगितलं.

मुलाखतीत किंवा लेखी ऑफर हातात पडण्याआधी सांगावं का, यावर फार लिहीत नाही. माझ्या मते, नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात तर नोकरी मागायला आलेल्या बाईकडून गरोदरपणाची चाचणी मागवण्यालाही मनाई आहे. काही धोक्याची कामं तेवढी वगळली आहेत. हा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, पण निवड होताना पोटाची चौकशी करू नये, हे त्यामागचं म्हणणं मला पटतं. लगेच सांगायचं की थांबायचं, हा खरा प्रश्न सुरू होतो तो रुजू झाल्यावर.

गप्प राहण्याची बाजू कच्ची नाही, हे आधी मान्य करते. कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के टिकत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच थांबतात. तीन महिने कुणाला सांगू नये, असं म्हणतात ते याचसाठी. ज्या माणसांची नावंही अजून नीट पाठ झालेली नाहीत, त्यांना आज बातमी द्यायची आणि चार आठवड्यांनी ती परत घ्यायची, ही कल्पनाच नकोशी वाटते. शिवाय ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी पाहणारी सोनोग्राफी, होतो. तो नीट आला की बोलताना आवाज आपोआप स्थिर होतो. आणि प्रोबेशनवरच्या बाईला दिवस गेलेत हे कळल्यावर काही ठिकाणी चेहरे बदलतात, हेही खरं आहे. ज्यांना माहीतच नाही ते त्यावरून आकस कसा धरतील?

माझी एक मैत्रीण अशीच चौदाव्या आठवड्यापर्यंत गप्प राहिली आणि तिचं सगळं सुरळीत झालं. तिला मळमळीचा त्रास जवळजवळ नव्हता. हा तपशील मला तेव्हा किरकोळ वाटला होता. आता वाटतं, तिच्या आणि माझ्या अनुभवातला सगळा फरक त्या एका तपशिलातच होता.

दहातल्या सात-आठ जणींना कमी-जास्त मळमळ होतेच. ती साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सगळ्यात वाढते आणि बहुतेकींची चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे चाचणीत कळतं तेव्हाच चौथा-पाचवा लागलेला असतो. मी रुजू झाले तेव्हा सातवा चालू होता. म्हणजे नव्या कामाचे पहिले आठवडे आणि मळमळीचे सगळ्यात वाईट आठवडे अगदी एकमेकांवर आले.

सकाळी दहाला बंद खोलीत रोजची मीटिंग असायची. एसी, आठ माणसं आणि त्यातल्या एकाचं उग्र अत्तर. मी दाराजवळची खुर्ची धरून बसायचे, जीभ टाळूला दाबून ठेवायचे आणि तरीही एकदा तरी उठून जावं लागायचंच. परत आल्यावर काहीतरी सांगणं भाग होतं. सोमवारी पित्त, बुधवारी घरून फोन, शुक्रवारी झोप झाली नाही. जुन्या ऑफिसात हे खपून गेलं असतं. तिथे माझी पाच वर्षं माहीत असलेली माणसं होती. कुणीतरी म्हणालं असतं, हिचं काहीतरी बिनसलंय, ही अशी नाही. नव्या जागी ‘ही अशी नाही’ म्हणणारं कुणी नसतं. त्यांनी आपल्याला पाहिलेलंच असतं ते या अवस्थेत. मीटिंगमधून उठणारी, दुपारी तीनला डोळे मिटणारी, जेवायला कुणाबरोबर न बसणारी. त्यांच्या लेखी आपण तेवढ्याच असतो.

मला काम शिकवायला एक ज्येष्ठ सहकारी दिले होते. फार सज्जन माणूस. माझ्यासाठी त्यांनी वहीत सगळी प्रक्रिया आकृत्या काढून लिहून आणली होती. नोकरीच्या चौथ्या आठवड्यात एका दुपारी वीस मिनिटांत मी दोनदा उठून गेले. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली होती. अगदी हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला या कामात रस वाटत नाहीये का? तसं असेल तर मोकळेपणाने सांगा, मी वर बोलून दुसरं काही बघतो.”

त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. जी नोकरी मिळावी म्हणून मी आठ महिने धडपडले होते, त्या नोकरीत मला रस नाही, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता. आणि तो करून दिला होता माझ्या थापांनी. त्या रात्री मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे दहा मिनिटं मागितली.

सांगण्याची बाजूही सगळी गोड नाही. मॅनेजर बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, “आणखी कुणाला कळलेलं चालेल?” मी म्हटलं, फक्त मला शिकवणाऱ्यांना. पुढच्या सोमवारपासून मीटिंग साडेअकराला गेली, आणि त्याचं कारण कुणीही विचारलं नाही. वही पुन्हा उघडली. पण दोन आठवड्यांनी प्रवासाचं एक काम, जे मला मनापासून हवं होतं, मला न विचारताच दुसऱ्याकडे गेलं. काळजीपोटीच गेलं असेल, तरी मन खट्टू झालं. मी जाऊन सांगितलं, जमणार नसेल तर मी स्वतः नाही म्हणेन, पण आधी मला विचारत जा. त्यानंतर विचारत गेल्या. लवकर सांगितल्याची ही किंमत मला मोजावी लागली, आणि तुम्हालाही कदाचित लागेल.

रजेचं काय, हे हमखास विचारलं जातं. उशिरा सांगितलं तर रजा पक्की होते, असा समज मी बऱ्याच जणींकडून ऐकला. हक्क ठरतो तो सहसा कामावर किती काळ आहात यावरून. कधी सांगितलं याने तो वाढत नाही. भारतात प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. सातव्या आठवड्यात रुजू झालात तर पाच दिवसांच्या आठवड्याने तेविसाव्याच्या आसपास ते भरतात, आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. अमेरिकेतल्या संघराज्य कायद्याखालच्या १२ आठवड्यांच्या बिनपगारी रजेसाठी त्याच मालकाकडे १२ महिने आणि १,२५० तास काम लागतं, म्हणजे नव्याने रुजू झालेली बाई त्यात बसतच नाही, मग ती केव्हाही सांगो. ब्रिटनमध्ये रजा पहिल्या दिवसापासून आहे, पण मालकाकडून मिळणाऱ्या प्रसूतिवेतनासाठी, इतर अटींबरोबर, अपेक्षित तारखेच्या १५ आठवडे आधीपर्यंत २६ आठवडे नोकरी झालेली लागते. तुम्ही असाल तिथला नियम सही करण्याआधीच वाचून ठेवा.

उलट गप्प राहिल्याने एक संरक्षण निसटतं. उद्या कमी केलं आणि ते गरोदरपणामुळेच केलं, असं म्हणायची वेळ आली, तर पहिलं उत्तर येतं, ‘आम्हाला माहीतच नव्हतं.’ म्हणून तोंडी बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मी चार ओळींची मेल टाकली. आज आपलं बोलणं झालं, अपेक्षित तारीख अमुक, मी काम चालू ठेवणार आहे, तपासणीच्या तारखा आधी कळवत जाईन. तिची एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवली.

आणि गर्भ टिकला नाही तर? या भीतीला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आधी असं दुःख सोसलेली एखादी थांबायचं म्हणत असेल तर मी तिला आग्रह करणार नाही. एवढंच मनात येतं की तसं झालंच, तर त्या आठवड्यात रजा लागतेच आणि कारण कुणाला तरी सांगावंच लागतं. भारतात त्यासाठी सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यातच आहे. ती मागताना समोरच्या एका माणसाला आधीपासून माहीत असेल, तर निदान पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.

काही कामांत मात्र मी थांबा असं कधीच म्हणणार नाही. एक्स-रे विभाग, भुलीचे वायू, शिसं, रासायनिक द्रावणं, जड उचल. बाळाचे मुख्य अवयव साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत घडत असतात. बारा संपायची वाट पाहिली तर जो काळ जपायचा तोच निघून जातो. किरणोत्सर्गाच्या कामात तर भारतासह बऱ्याच देशांत गरोदर असल्याचं कळवल्यावर उरलेल्या काळासाठी गर्भापर्यंत पोचणाऱ्या किरणोत्सर्गाची मर्यादा १ मिलिसिव्हर्टवर (हे त्याची मात्रा मोजण्याचं एकक) येते. न कळवता ती लागू होत नाही.

तुम्हाला मळमळ नसेल, काम सुरक्षित असेल आणि वरिष्ठांचा स्वभाव अजून कळला नसेल, तर माझ्या मैत्रिणीसारखं चौदाव्यापर्यंत थांबणं चालून जाईल. पण दिवसातून तीनदा उठून जावं लागत असेल, तर रुजू झाल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सांगा, फक्त एका माणसाला. मी थोडी आधी गेले असते, तर ती वही मिटलीच नसती.