गिल्बर्ट व्हाइटची पत्रं: सावकाश वाचल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात घेतलेलं ‘द नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबोर्न’ अजून उशाशीच आहे. आधीच सांगते, कादंबरीसारखं सलग वाचायला बसलात तर लवकरच कंटाळाल. हे पुस्तक म्हणजे निसर्गनिरीक्षणाची ११० पत्रं. इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने ती लिहिली. त्यातली ४४ थॉमस पेनंटला आणि ६६ डेन्स बॅरिंग्टनला. पुस्तकावर साल १७८९ आहे. मी चालू महिन्याची तारीख असलेली पत्रं शोधून वाचायला लागले, तेव्हा कुठे गोडी लागली.

पहिली नऊ पत्रं मात्र खुशाल मागे ठेवा. गावाची माती, विहिरी, टेकडी यांची माहिती देण्यासाठी ती पुस्तकाकरताच रचलेली आहेत, टपालात कधी पडलीच नाहीत. खरा पत्रव्यवहार सुरू होतो तो दहाव्यापासून, ४ ऑगस्ट १७६७ ला.

पेनंट ब्रिटनच्या प्राण्यांवर ग्रंथ लिहीत होता, त्याला माहिती हवी होती. व्हाइट ती इमानाने पुरवतो. हार्वेस्ट माऊस हा उंदीर ब्रिटनमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला तो याच पत्रांतून. दोन उंदीर तराजूत घातले तर वजन एका तांब्याच्या अर्ध्या पेनीइतकं भरलं, असं तो लिहितो. दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन जातींचे वटवटे पक्षी त्याने आवाजावरून वेगळे ओळखले. हाताशी दुर्बीण नसताना! (बंदूक होती, आणि ती तो वापरतो. आजच्या पक्षीनिरीक्षकाला ते जरा खटकेल.)

पण मला विचाराल तर बॅरिंग्टनची पत्रं कितीतरी सरस. बॅरिंग्टन पेशाने वकील, वाद घालणारा माणूस. भिंगऱ्या (स्वॅलो पक्षी) हिवाळ्यात परदेशी जात नाहीत, इथेच कुठेतरी निपचित पडून राहतात, असं तो मानायचा. व्हाइटचा भाऊ जिब्राल्टरला होता, तिथून पक्षी समुद्र ओलांडताना दिसतात हे व्हाइटला ठाऊक होतं. तरीही उशिरा दिसलेली एखादी भिंगरी त्याला पुन्हा शंकेत टाकते आणि तो बिळं-झुडपं धुंडाळायला लागतो. हा घोळ वर्षानुवर्षं चालतो. आपल्याकडेही हिवाळ्यात तारांवर ओळीने बसणारी माळभिंगरी तीच जात. ब्रिटनमधल्या मात्र दक्षिण आफ्रिकेला जातात, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. पण व्हाइट खात्री नसताना खात्रीचा आव आणत नाही, हे मला फार आवडलं.

टिमोथी कासवासाठी तर पुस्तक नक्की घ्या. आत्या गेल्यावर १७८० मध्ये व्हाइटने ते ससेक्सहून घरी आणलं. भरल्या गाडीचं चाक गेलं तरी टिकेल अशी पाठ, आणि पावसाला मात्र ठेवणीतले कपडे घातलेल्या बाईसारखं भिणार! पुढे कळलं की टिमोथी मादी होती. आणखी एका पत्रात व्हाइट महाशय मोठा भोंगा पोळ्याजवळ धरून मधमाश्यांवर ओरडतात. माश्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

१७८३ च्या उन्हाळ्यातल्या विचित्र धुक्याचं पत्र वाचताना अंगावर काटा येतो. भर दुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज, जमिनीवर गंजलेला उजेड. कारण आइसलंडच्या लाकी ज्वालामुखीचा उद्रेक, पण तो व्हाइटला माहीत नव्हता. गांडुळं नसतील तर जमिनीची काय गत होईल हेही तो १७७७ मध्ये लिहून गेलाय, डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक आलं १८८१ मध्ये.

खटकलेल्या गोष्टी दोन. समोरच्यांची उत्तरं पुस्तकात नाहीत, त्यामुळे बॅरिंग्टन नेमकं काय म्हणाला हे व्हाइटच्या उत्तरावरून ताडावं लागतं. आणि लॅटिनचा मारा आहे. टिपा नसलेली आवृत्ती घेऊ नका. काही आवृत्त्यांत मागे गावच्या जुन्या मठाचा इतिहासही असतो, मी तो निम्म्यावर सोडला. माझ्या स्वस्त प्रतीतला टाइप इतका बारीक आहे की रात्री वाचवत नाही. चित्रं, नकाशा आणि सूची असलेली मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजा.