क्वार्टरबॅक पळणारा की फेकणारा? कुणासाठी कोणता ऑफेन्स बरा पडतो

अमेरिकेत मुलांच्या शाळेच्या किंवा फ्लॅग (टॅकलऐवजी कमरेची पट्टी ओढायची) अमेरिकन फुटबॉल टीमचं कोचिंग अंगावर घेतलं की पहिल्यांदा सगळे प्लेबुक (ठरवलेल्या चालींचा संच) शोधायला लागतात, आणि मग टीव्हीवर जो ऑफेन्स, म्हणजे हल्ल्याची पद्धत, भारी वाटला तोच आपल्या टीमला शिकवायला घेतात. माझं स्पष्ट मत आहे की आधी आपला क्वार्टरबॅक (बॉल हातात घेऊन प्ले चालवणारा) दोन-तीन प्रॅक्टिस नीट बघा आणि प्लेबुक त्यानंतर उघडा. खाली तीन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्यात, उदाहरणं सगळी एनएफएलची (तिथल्या व्यावसायिक लीगची) आहेत कारण तिथे काय घडलं हे सगळ्यांना तपासता येतं.

सुरुवात डेन्व्हरपासून करतो, कारण इतकी स्वच्छ तुलना पुन्हा मिळणं कठीण. २०११ मध्ये डेन्व्हर ब्राँकोज १-४ वर (एक जिंकून चार हरून) अडकलेले, क्वार्टरबॅक काइल ऑर्टनला बसवून टिम टीबोला आणलं. हेड कोच जॉन फॉक्स आणि ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्स सांभाळणारा कोच) माइक मॅकॉय यांनी चालू सीझनमध्ये ऑफेन्स फिरवला आणि ऑप्शनचे प्ले (बॉल द्यायचा की स्वतः पळायचं हे क्वार्टरबॅक आयत्या वेळी ठरवतो) घातले, कारण टीबोचे पास निम्मेही पोचत नव्हते पण तो पळायला लागला की त्याला पाडणं अवघड होतं. कॅन्सस सिटीविरुद्ध अख्ख्या मॅचमध्ये त्याने फक्त ८ पास फेकले, त्यातले २ पूर्ण झाले, आणि मॅच १७-१० जिंकली! त्या दोनातला एक एरिक डेकरला ५६ यार्डांचा टचडाउन होता, सारखं पळून पळून डिफेन्स पुढे खेचला गेला की मागे एवढी जागा मोकळी होते. त्या वर्षी रनिंगमध्ये डेन्व्हर लीगमध्ये पहिलं आलं. पुढच्या वर्षी तोच फॉक्स, तोच मॅकॉय, डेकर आणि डिमेरियस थॉमस हे रिसीव्हरही तेच, फक्त क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. ४,६५९ यार्ड, ३७ टचडाउन पास, रेकॉर्ड १३-३. त्याच मॅकॉयने मॅनिंगला ऑप्शन चालवायला लावला असता किंवा टीबोला स्नॅपआधी (बॉल मागे येऊन प्ले सुरू होण्याआधी) डिफेन्स वाचून प्ले बदलायला सांगितला असता तर दोन्ही वर्षं वाया गेली असती, यात मला जराही शंका नाही.

आता पहिली पद्धत, म्हणजे पळणाऱ्या क्वार्टरबॅकचा ऑफेन्स, नक्की का चालतो ते बघू. साध्या हँडऑफमध्ये रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) हातात बॉल दिला की क्वार्टरबॅक प्लेमधून बाद, म्हणजे ११ डिफेंडरांसमोर तुमचे १० जण उरतात. रीड ऑप्शनमध्ये कडेच्या एका डिफेन्सिव्ह एंडला मुद्दाम कुणी ब्लॉकच करत नाही, क्वार्टरबॅक बॉल रनिंग बॅकच्या पोटाशी धरून त्या एंडच्या खांद्यांकडे बघत राहतो, खांदे आत वळले की बॉल काढून घेऊन स्वतः बाहेरून पळायचं आणि तो जागेवर थांबला तर बॉल रनिंग बॅककडेच राहू द्यायचा. हात न लावता एक माणूस बाद झाला आणि हिशोब बरोबरीत आला. बॉल्टिमोरमध्ये कोऑर्डिनेटर ग्रेग रोमनने २०१९ ला क्वार्टरबॅक लमार जॅक्सनसाठी हाच पाया घेतला, पिस्टल फॉर्मेशन (रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या थेट मागे), जास्तीचे टाइट एंड (ब्लॉक करणारे आणि पासही घेणारे) आणि फुलबॅक (वाट मोकळी करणारा बॅक), त्यामुळे डिफेन्सला आत गर्दी करावी लागायची आणि टाइट एंड मार्क अँड्र्यूज मधल्या मोकळ्या जागेत सापडायचा. लमार स्वतः १,२०६ यार्ड पळाला, टीमने ३,२९६ यार्ड रनिंगचा सीझन रेकॉर्ड केला, १४-२, आणि लमार एकमताने एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू).

पण प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध ते मागे पडले आणि लमारला ५९ पास फेकावे लागले, २८-१२ हरले. मागे पडल्यावर तुमच्याकडे दुसरं काय आहे, हा प्रश्न या पद्धतीला कायम विचारावा लागतो. २०२३ मध्ये टॉड मंकन कोऑर्डिनेटर म्हणून आल्यावर तीन-तीन रिसीव्हर पसरवून लमारला जास्त फेकायला दिलं, पळणं कमी केलं पण काढून टाकलं नाही, आणि तो पुन्हा एमव्हीपी झाला. तोवर तो पॉकेटमधून (ब्लॉकरांच्या आडोशाला उभं राहून) फेकणारा म्हणून बराच पुढे गेला होता, म्हणून ते जमलं. क्वार्टरबॅक वाढतो तसा ऑफेन्सही वाढवावा लागतो, पहिल्या वर्षीचं प्लेबुक तिसऱ्या वर्षी घेऊन बसायचं नाही.

दुसरी पद्धत माझ्या मते सगळ्यात जास्त मुलांना बसते: प्ले अ‍ॅक्शन आणि बूटलेग, म्हणजे रनचा देखावा करून, क्वार्टरबॅकने उलट बाजूला निघून पास देणं. रॅम्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ २०१६ च्या ड्राफ्टचा (नव्या खेळाडूंच्या निवडीचा) पहिला पिक, पण रुकी (पहिल्या) वर्षात सुरुवात केलेल्या सातही मॅच हरला आणि लोकांनी त्याला मोडीत काढला. २०१७ ला शॉन मॅकव्हे हेड कोच म्हणून आला, तोच मुलगा २८ टचडाउन आणि फक्त ७ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), टीम ११-५. (आजूबाजूची माणसंही सुधारली होती हे खरं, सगळं श्रेय प्ले कॉलिंगला देऊ नका.) या पद्धतीत ब्लॉक करणारी पूर्ण लाइन एकत्र डावीकडे सरकते, रनचा देखावा होतो, लाइनबॅकर (डिफेन्सची मधली फळी) दोन पावलं पुढे येतात आणि तेवढ्यात क्वार्टरबॅक उजवीकडे निघालेला असतो, त्याच बाजूला एक रिसीव्हर जवळ, एक मधे, एक लांब. नजर अर्ध्याच मैदानावर ठेवायची. ज्याचा हात अचूक आहे पण पाच जणांना एकेक करून बघताना जो गोंधळतो त्याला हे सोन्यासारखं आहे. शिवाय एनएफएलमध्ये प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरेपर्यंत कोच हेल्मेटमधल्या रेडिओवरून बोलू शकतो, टीम लवकर लाइनवर आली तर तेवढी मदतही मिळते. दुबळी बाजू म्हणजे रन बंद पडला की देखाव्याला कुणी भुलत नाही. २०१८ च्या सीझनच्या सुपर बोलमध्ये (फायनलमध्ये) पेट्रियट्सनी रॅम्सना रनिंगचे ६२ यार्ड दिले आणि फक्त ३ पॉइंट. गॉफ पुढे डेट्रॉइटला गेला, तिथे कोऑर्डिनेटर बेन जॉन्सनने त्याच्या अचूकतेभोवती ऑफेन्स बांधला आणि २०२४ ला डेट्रॉइट लायन्स १५-२ झाले.

तिसरी पद्धत मॅनिंगवाली: हडल (गोल करून प्ले ठरवणं) न करता लाइनवर यायचं, डिफेन्स बघायचा, तिथल्या तिथे प्ले बदलायचा. मानेच्या ऑपरेशनमुळे तो २०११ चं अख्खं वर्ष बाहेर होता आणि हातात पूर्वीचा जोर नव्हता, तरी बॉल वेळेवर सुटायचा म्हणून चाललं. याला अनुभव लागतो, रिसीव्हरही तितकेच तयार लागतात. शाळेच्या टीमला मी हे सुचवणार नाही.

बॅकअपचा विचार मात्र आत्ताच करा. वॉशिंग्टनमध्ये २०१२ ला रुकी क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन ऑप्शनवर जबरदस्त खेळत होता, ८१५ यार्ड पळाला. डिसेंबरमध्ये गुडघा दुखावला म्हणून क्लीव्हलँडविरुद्ध बॅकअप कर्क कझिन्स उतरला, कोऑर्डिनेटर काइल शॅनहनने त्याला बूटलेगचे प्ले दिले आणि ३२९ यार्ड फेकून ३८-२१ ने जिंकले. एकाच टीमकडे दोघांसाठी दोन वेगळे गेम प्लॅन तयार होते. ग्रिफिन परत आला आणि जानेवारीत सिअ‍ॅटलविरुद्ध तोच गुडघा पार गेला. म्हणून पळणारा मुलगा असेल तर स्लाइड करणं (टॅकल होण्याआधी पाय पुढे टाकून स्वतः घसरत खाली जाणं) आणि साइडलाइनबाहेर जाणं हे पहिल्या दिवसापासून शिकवा, आणि दुखतंय म्हणाला की बसवा, मॅच कितीही महत्त्वाची असो.

ठरवताना मी तीन गोष्टी बघेन. धावत असताना त्याचा पास नेमका जातो की उभं राहूनच, पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तर तो दुसऱ्याकडे बघतो की घाबरून पळतो, आणि लाइन त्याला तीन सेकंद देते का. शेवटचं उत्तर नाही असेल तर लांबचे पास विसरा, आखूड पास आणि रोलआउटवर (बाजूला पळत जाऊन पास देण्यावर) या. आणि त्यालाच विचारा, थर्ड डाउनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) सहा यार्ड हवेत तर तुला कोणते चार प्ले आवडतील, ते चार कार्डावर सगळ्यात वर लिहा आणि प्रॅक्टिसमध्ये तेच सगळ्यात जास्त घ्या. फ्लॅगवाल्यांनी लीगचे नियम आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी क्वार्टरबॅकला बॉल घेऊन स्क्रिमेज लाइनपुढे (प्ले सुरू होतो त्या रेषेपुढे) पळताच येत नाही, म्हणजे रीड ऑप्शन तिथेच बाद, मग मुलगा कितीही वेगवान असला तरी त्याला रोलआउट करून पास द्यायला लावा, नाहीतर सरळ रिसीव्हर करा आणि बॉल अचूक फेकणाऱ्याच्या हातात द्या.