स्वतः काढलेल्या फोटोंचं टेक्श्चर स्केचअपमध्ये: नऊ महिने वापरून झाल्यावर

नऊ महिन्यांपूर्वी मी स्केचअप या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमधली तयार मटेरियल्स (पृष्ठभागांना लावायचे रंग आणि टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाची चित्रं) जवळजवळ सोडून दिली. जी फरशी पसंत झाली आहे, जी वीट साइटवर येऊन पडली आहे, ज्या व्हिनिअरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) नमुना टेबलावर आहे, त्याचाच फोटो काढायचा आणि तोच मॉडेलला लावायचा, असं ठरवलं. आता मागे फिरायची इच्छा नाही. पण यातली मेहनत मला वाटलं होतं तिथे नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सॉफ्टवेअरचं काम खरंच सोपं आहे. मटेरियलच्या पॅनलमध्ये नवीन मटेरियल घ्यायचं, इमेज निवडायची, खाली त्या इमेजची प्रत्यक्षातली रुंदी-उंची टाकायची आणि 'बी' दाबून पेंट बकेटने फेसवर (मॉडेलच्या सपाट पृष्ठभागावर) क्लिक करायचं. दहा मिनिटांत कुणालाही जमेल. त्या रुंदी-उंचीच्या दोन रकान्यांत काय लिहायचं, हे मात्र मला तीन महिन्यांनी नीट कळलं.

६०० बाय ६०० मिलिमीटरच्या टाइल्स होत्या, सांधा ३ मिलिमीटरचा. मी चार बाय चार टाइल्सची इमेज बनवली आणि रुंदी २४०० लिहिली. दिसायला उत्तम. खोली ९ मीटर लांब, मॉडेलमध्ये पंधरा टाइल्स अगदी नेमक्या बसल्या, काठाला काप नाही. ड्रॉइंग तसंच पुढे गेलं. कारागिराने टेप लावला आणि विचारलं, "शेवटची टाइल कापायची का सांधा काढायचा?" चार टाइल्स आणि चार सांधे मिळून २४१२ होतात. म्हणजे प्रत्येक टाइल ६०३ ची जागा घेते, चौदा टाइल्सना ८४४२ लागतात आणि शेवटच्या ओळीला ५५८ उरतात. ४२ मिलिमीटरचा काप येणारच होता. मी बारा मिलिमीटर गिळले होते आणि मॉडेलनेही माझं खोटं निमूटपणे दाखवलं. तेव्हापासून इमेजच्या फाइलच्या नावातच माप लिहितो, सांध्यासकट.

फोटोबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चांगलं-वाईट इथेच ठरतं. ऊन असताना काढलेला फोटो टेक्श्चरच्या कामाचा नसतो. विटेच्या प्रत्येक दरजेत एका बाजूला सावली पडते, आणि मॉडेलमधला सूर्य दुसऱ्या बाजूला असला की भिंत बघणाऱ्याला खटकते, का ते सांगता येत नाही. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर धरायचा, आणि जमेल तेवढं मागे जाऊन झूम करायचं, म्हणजे कडा पिंपासारख्या फुगत नाहीत. फोटोचे कोपरे मधल्या भागापेक्षा जरा काळपट येतात. एका फोटोत ते जाणवतही नाही, पण तीच इमेज भिंतीवर तीस वेळा शेजारी-शेजारी आली की काळ्या ठिपक्यांची जाळी उभी राहते. माझ्या पहिल्या दगडी भिंतीचं हेच झालं होतं.

शेजारी-शेजारी लागणाऱ्या इमेजमधला जोड लपवण्यासाठी मी गिम्प (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) वापरतो. ऑफसेटने इमेज आडवी-उभी निम्मी सरकवली की चारही कडा मध्यभागी येतात आणि जोड अधिकच्या चिन्हासारखा उघडा पडतो. मग तो क्लोन आणि हीलने (आसपासचा भाग उचलून वर बसवणाऱ्या साधनांनी) बुजवायचा. त्याच वेळी डोळ्यात भरणारी एखादी खूण असेल, लाकडातली मोठी गाठ किंवा एकच फिकट वीट, तर तीही काढून टाकायची. नाहीतर ती भिंतभर ठरावीक अंतराने मोजून लावल्यासारखी दिसते.

तिरका फोटोच हाताशी असेल तर राइट क्लिकच्या टेक्श्चर मेनूतल्या पोझिशनमधल्या रंगीत पिना कामाला येतात. तिथे टेक्श्चरवर पुन्हा राइट क्लिक करून फिक्स्ड पिन्स बंद केलं की चार पिना मोकळ्या होतात. एकेक पिन उचलून फोटोतल्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर ठेवायच्या आणि मग ओढून फेसच्या कोपऱ्यांना न्यायच्या. वाकडी इमेज सरळ होते. नंतर मेक युनिक टेक्श्चर केलं की ती सरळ झालेली, कापलेली इमेज स्वतंत्र मटेरियल म्हणून मिळते. मला हे सगळ्यात जास्त आवडलेलं काम आहे.

ज्याने माझे कित्येक तास खाल्ले ती गोष्ट म्हणजे ग्रुप (एकत्र बांधलेले फेस). ग्रुप न उघडता बाहेरून रंग दिला तर आतल्या ज्या फेसना डिफॉल्ट मटेरियल आहे (म्हणजे वेगळं काही दिलेलं नाही), त्यांनाच तो दिसतो. वर त्या फेसवर राइट क्लिक केलं तर टेक्श्चरचा मेनूच येत नाही, म्हणजे सरकवणं-फिरवणं बंद. पिना हव्या असतील तर ग्रुप उघडून थेट फेसवरच मटेरियल द्यायला हवं. माझा नियम आता असा आहे: जिथे रेषांची दिशा किंवा थर जुळणं महत्त्वाचं आहे तिथे आत जाऊन, बाकी साधा रंग बाहेरून.

दाराच्या चौकटीत हे फार जाणवतं. उभ्या पट्ट्यांत लाकडाच्या रेषा उभ्या आणि वरच्या पट्टीत आडव्या हव्यात. सगळ्या चौकटीला एकदम मटेरियल दिलं तर वरच्या तुकड्यातही रेषा उभ्याच राहतात, आखूड आणि मधेच कापल्यासारख्या दिसतात, आणि सुतारकाम कळणारा माणूस पहिल्यांदा तेच बघतो. मी प्रत्येक तुकडा वेगळा ग्रुप करतो आणि आडव्या तुकड्यात टेक्श्चर नव्वद अंशांत फिरवतो. असा तुकडा स्केल टूलने ताणू नये, आतलं टेक्श्चरही ताणलं जातं. पुश-पुलने (फेस ओढून) लांब केला तर रेषा जशाच्या तशा राहतात.

विटांचे थर कोपऱ्यावर जुळवायला पेंट बकेट हातात असताना ऑल्टची कळ पुरेशी आहे (मॅकवर कमांड). एका भिंतीवर टेक्श्चर नीट बसवायचं, ऑल्ट दाबून तिथूनच ते उचलायचं आणि शेजारच्या भिंतीवर टाकायचं, थर वळून पुढे चालू राहतात. गोल खांबालाही हीच युक्ती: हिडन जॉमेट्री (लपलेल्या कडा दाखवणारा पर्याय) चालू करून एका पट्टीवर बसवायचं, मग पट्टी-पट्टीने उचलत-टाकत फिरायचं. वेळखाऊ आहे खरं. उंचसखल जमिनीसाठी मात्र प्रोजेक्टेड (टेक्श्चर एकाच दिशेने टाकणारा पर्याय) चालू करून वरून एकदाच टाकलेलं बरं.

फाइल जड होण्याबद्दल: डिस्कवरचा आकार बघून फसू नका. ४०९६ बाय ४०९६ ची जेपीजी दोन-तीन एमबीची असली तरी ग्राफिक्स कार्डात उलगडली की पिक्सेलमागे ४ बाइट धरून ६४ एमबी होते. १०२४ ची ४ एमबीत भागते. मी सुरुवातीला सगळंच मोठं ठेवलं आणि मॉडेल फिरवताना अडखळायला लागलं. आता कॅमेऱ्याजवळच्या एक-दोन पृष्ठभागांना २०४८, बाकी सगळं १०२४, आणि पाठवण्याआधी मॉडेल इन्फोमधून पर्ज अनयूज्ड (न वापरलेलं काढून टाकणं). फेसला पुढची आणि मागची बाजू असते, फेस उलटे असतील तर तेही आधीच सरळ करून घ्या. टेक्श्चर मागच्या बाजूला लागलेलं असेल तर स्क्रीनवर कळत नाही, रेंडरमध्ये (मॉडेलच्या अंतिम चित्रात) कळतं.

२०२५ च्या आवृत्तीपासून मटेरियलमध्ये खडबडीतपणा, धातूपणा आणि नॉर्मल मॅपही (पृष्ठभागाचा उंचसखलपणा दाखवणारी इमेज) देता येतात. पॉलिश केलेल्या दगडासाठी ही मोठी सोय आहे आणि मी सध्या त्यावरच काम करतो आहे. मात्र माझ्या फोटोंपासून बनवलेले नॉर्मल मॅप अजून मनासारखे होत नाहीत, फोटोतला डागही खळगा होऊन दिसतो. म्हणून तूर्त फक्त खडबडीतपणाचा आकडा हाताने देतो आणि नमुना खिडकीशी धरून चमक जुळते का ते बघतो.