ओट्यासाठी ग्रॅनाइट, क्वार्ट्झ की स्टील?

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की बोलणी बहुधा कपाटांच्या रंगापासून सुरू होतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी ओटा ठरवा. सिंकची जागा, शेगडीचं माप, खालच्या खणांवर येणारा भार, सगळं त्यावर अवलंबून आहे. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं एक चौरस मीटर साधारण ५४ किलो भरतं. जुने खण तसेच ठेवून फक्त वरचा दगड बदलायचा असेल, तर ते हा भार पेलतील का हे सुताराला आधी विचारा.

ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ दुकानात शेजारी ठेवले तर दोन्ही दगडच वाटतात. पण ग्रॅनाइट खाणीतून निघतो आणि क्वार्ट्झची लादी कारखान्यात तयार होते: वजनाने साधारण ९० टक्के क्वार्ट्झचा चुरा, बाकी रेझिन, म्हणजे चुरा घट्ट बांधून ठेवणारा प्लास्टिकसारखा पदार्थ, आणि रंग. दोघांमधला जवळजवळ सगळा फरक या रेझिनमुळे पडतो.

पहिला फरक उष्णतेचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे रेझिनला इजा होऊ लागते, आणि तळणीचं तेलच १७० ते १८० अंशांवर असतं. शेगडीवरून उतरवलेली कढई थेट क्वार्ट्झवर टेकवली तर पिवळट किंवा पांढुरकं वर्तुळ उमटू शकतं. ते कितीही घासलं तरी जात नाही, कारण तो वर पडलेला डाग नसतो, आतलं रेझिनच बिघडलेलं असतं. ग्रॅनाइटला एवढ्याने सहसा काही होत नाही. जिथे एका वेळी दोघं-तिघं स्वयंपाक करतात आणि भांडं जागा मिळेल तिथे उतरतं, तिथे ‘खाली काहीतरी ठेवा’ हा नियम चार दिवस टिकतो. अशा घराला मी बिनदिक्कत ग्रॅनाइट सुचवेन.

डागांच्या बाबतीत मात्र क्वार्ट्झ पुढे आहे. त्याला छिद्रं नसल्यासारखीच असतात, तेल आत मुरत नाही, सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, लावायची कटकट नाही. ग्रॅनाइट, विशेषतः फिकट रंगाचा, थोडंफार शोषतो. घेण्याआधी तुकड्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. खाली गडद ठिपका दिसला तर त्याला सीलर लागणार, आणि तो अधूनमधून पुन्हा लावावा लागणार. त्याच तुकड्यावर लिंबाचा रसही टाकून बघा. चकाकी गेली तर तो दगड ग्रॅनाइट म्हणून घेऊ नका.

रंग एकसारखा हवा असेल तर क्वार्ट्झ सोयीचा, त्यात सांधाही कमी दिसतो. ग्रॅनाइट हातभर नमुन्यावरून कधीच पसंत करू नये, अख्खी लादी उभी करून पाहावी. खिडकीतून ओट्यावर दिवसभर कडक ऊन येत असेल तर क्वार्ट्झ टाळा, रेझिन कालांतराने पिवळं पडतं.

स्टीलचा ओटा उष्णता सोसतो, डाग धरत नाही आणि सिंकसकट एकसंध जोडता येतो. चरे मात्र पडतातच, भांड्यांचा आवाजही होतो. कामाला उत्तम, पण रोज लखलखीत दिसावा अशी अपेक्षा असेल तर तो नकोच.

कापणाऱ्या कारागिराचा विचार या निवडीत क्वचितच होतो, तो व्हायला हवा. क्वार्ट्झमध्ये सिलिकाचं प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा बरंच जास्त असतं, आणि कापताना उडणारी त्याची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा गंभीर आजार होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली. बसवून झालेल्या ओट्यापासून घरच्यांना हा धोका नाही. धोका कापण्या-घासण्याचा आहे. म्हणून कुठलाही दगड घेतलात तरी सिंक आणि शेगडीची भोकं कार्यशाळेत, पाणी सोडून कापून आणायला सांगा. स्वयंपाकघरात कोरडं कटर चालू देऊ नका.

भोकं कापताना आतले कोपरे गोल ठेवायला सांगा. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते, दगड कितीही महागाचा असला तरी. सिंकचं आणि शेगडीचं माप कागदावरून देऊ नका. दोन्ही वस्तू आधी घ्या आणि दगड कापायला जाईल तेव्हा सोबत पाठवा.