जुनी मारुती ८०० : टायरॉड एंड बदलायचे की अख्खी रॅक?

जुन्या ८०० च्या स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की दोन सल्ले मिळतात. एक मिस्त्री म्हणतो, "टायरॉड एंड गेलेत." दुसरा म्हणतो, "रॅकच टाका, कटकट मिटेल." रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी दांडी; टायरॉड तिला चाकाशी जोडतो आणि टायरॉड एंड हा त्याचा चाकाकडचा सांधा. दोन्ही खर्चांत मोठं अंतर आहे, म्हणून गाडी गॅरेजला देण्याआधी अर्धा तास काढाच.

गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. घरातल्या कुणाला तरी स्टेअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवत ठेवायला सांगा. तुम्ही चाकामागे टॉर्च मारून टायरॉड एंडवर बोट ठेवा. सांधा गेला असेल तर रॉड आधी हलतो, चाक मागून, आणि मध्ये बोटाला स्पष्ट ठोका लागतो. तो सांधा घट्ट वाटला तर रॅकच्या टोकाचं रबरी आवरण, म्हणजे बूट, चिमटीत दाबा. ठोका तिथे जाणवला तर टायरॉडचा रॅककडचा, आतला बॉल जॉइंट सैल आहे. स्टेअरिंग फिरतंय पण रॉड हलतच नाही, तर स्टेअरिंगच्या दांड्याच्या, म्हणजे कॉलमच्या, खालचा जॉइंट बघा. रॅकला उगाच दोष नको.

टायरॉड एंड स्वस्त, तास-दीड तासाचं काम. काढण्याआधी आटे मोजून ठेवायला सांगा आणि नंतर अलाइनमेंट कराच. सैल सांध्यांवर आधीच केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

रॅक कधी बदलायची? बूट फाटून पावसाचं पाणी आत गेलंय, दात गंजलेत, तेव्हा. रॅक झिजते ती मधोमध, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणून रॅकचा स्क्रू आवळून प्ले काढण्याचा उपाय मला पटत नाही: मधे नीट बसली तरी न झिजलेल्या कडांना ती जाम होते. माझ्या गाडीला एकदा तसं करून दिलं होतं. सरळ रस्त्यावर छान. घाटातल्या वळणावर मात्र स्टेअरिंग जड झालं आणि वळण संपल्यावर परत येईना. हाताने ओढून सरळ करावं लागलं. तेव्हा खरंच भीती वाटली.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा तपासा, मग अडकलेला ब्रेक. वेग घेतल्यावर थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग.

शेवटी पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. इथे प्ले असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा चाकाला खालून धरणारा बॉल जॉइंट. हा खालचा बॉल जॉइंट खराब निघाला तर बाकी सगळं थांबवा. तो सुटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं पडतं. बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.