बेडरूममध्ये बाथरूम काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

नौपाड्यातली आमची इमारत 40 वर्षं जुनी. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि रात्री मागच्या टोकाच्या संडासापर्यंत जाणं त्यांना झेपेना, म्हणून दुसरं बाथरूम काढायचं ठरलं. ओळखीतून आलेल्या कंत्राटदाराने घर पाहिलं आणि म्हणाला, "बाबांच्या खोलीतच कोपऱ्यात करून देतो. सोसायटीचं माझ्यावर सोडा." स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं पत्र त्यानेच आणलं, त्यावर कमिटीने परवानगी दिली आणि निम्म्याहून जास्त पैसे ॲडव्हान्स घेऊन त्याने काम सुरू केलं.

तो कोपरा शाफ्टपासून, म्हणजे सांडपाण्याचे उभे पाइप उतरतात त्या मोकळ्या जागेपासून, 20 फूट लांब. संडासाच्या 4 इंची पाइपला साधारण 40 फुटांत 1 फूट उतार लागतो, म्हणजे इथे नुसता उतारच अर्धा फूट हवा. हे त्याला पक्कं माहीत होतं. पण लांब पाइप, जास्त फोडाफोडी, पाइप झाकायला भिंतीलगतचा कट्टा या सगळ्याचं बिल मोठं होतं, म्हणून जागा त्याने तीच गळ्यात मारली. पाइप जवळजवळ सपाट टाकला आणि तरीही बाथरूमची जमीन 9 इंच उचलली. ज्या बाबांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्या दारातच पायरी! वॉकर घेऊन ते उंबऱ्याशी थांबले आणि काही न बोलता मागच्या संडासाकडे वळले. आजही ते आठवलं की संताप होतो.

पावसाळ्याआधीच खालच्या काकूंच्या देव्हाऱ्यावर पाणी ठिबकू लागलं. लाद्या उचलल्या तर खाली रॅबिटची, म्हणजे फोडकामाच्या राडारोड्याची भर आणि वर सिमेंटचा पातळ थर. बिलात लावलेल्या वॉटरप्रूफिंगचा पत्ताच नव्हता. लाद्या बसवण्याआधी, गळतं का ते पाहायला, पाणी कोंडून दोन दिवस ठेवलं, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. शाफ्टकडे पाइप न्यायला बीम छिन्नीने फोडला होता, सळया उघड्या पडल्या होत्या.

तेव्हा सेक्रेटरींनी ते पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात इमारत 'लोड बेअरिंग', म्हणजे भिंतींवर भार असलेली, लिहिली होती. आमची आरसीसी फ्रेमची, म्हणजे खांब आणि बीमवर उभी आहे. शिक्क्यावरच्या इंजिनिअरचा नंबर शोधून फोन लावला, तर त्यांनी ही इमारत कधी पाहिलीच नव्हती. सही बनावट! कंत्राटदाराचा फोन तेव्हापासून बंद आहे.

असं पत्र हाती आलं तर इंजिनिअरचा नंबर स्वतः शोधून त्यांच्याशी बोला. कंत्राटदाराने दिलेल्या नंबरवर विसंबू नका. पाणी कोंडून ठेवलेलं स्वतः बघा, खालच्यांना छत दाखवायला सांगा, मगच लाद्या लावू द्या.

दुसऱ्या इंजिनिअरांनी आल्या आल्या आधी शाफ्ट पाहिला, मग खालच्या घरात जाऊन आले. जुन्या बाथरूमशेजारची धुण्याची मोरी त्यांनी दाखवली: जमीन आधीच खोल, शाफ्ट भिंतीपलीकडे, खालीही मोरीच. तिथे संडास आणि न्हाणी दोन्ही बसली, पायरीशिवाय. बाबांना चार पावलं जास्त पडतात, म्हणून पॅसेजमध्ये कठडा लावून घेतला. बीमची दुरुस्ती मात्र वेगळी करावी लागली आणि तिचा खर्च आमच्याच माथी आला.

बनावट सहीची पोलिसांत तक्रार दिली आहे. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. तिथे 2 वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिलं, चॅट आणि लाद्या उचलतानाचे फोटो जपून ठेवलेत, तुम्हीही ठेवा.