गरुड उत्तम, सिंह चांगले, हरिण नापास

भोसरीच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे पितळी पत्र्यावर उठावाचं काम दिसलं की मी ते आधी उलटं करून बघतो. पुढची बाजू कोणीही चकचकीत करून देतं. ठसा कसा बसलाय, हे मागूनच कळतं.

हा संच ऑनलाइन मागवला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन सैनिकाच्या टोकदार शिरस्त्राणावर, म्हणजे पिकेलहाउबवर, समोर लावत तशी तीन चिन्हं: प्रशियाचा गरुड, बव्हेरियाचे सिंह आणि व्युर्टेम्बर्गची सिंह-हरिणाची जोडी. तिन्ही प्रतिकृती, मिळून साडेचार हजारांना.

1871 मध्ये जर्मन साम्राज्य एक झालं, तरी त्यातल्या प्रशिया, बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग अशा राज्यांनी आपापली राजघराणी राखली होती. शिपाई कुठल्या राजाचा, हे त्याच्या शिरस्त्राणावरच्या प्राण्यावरून ओळखू येई. म्हणून इथे प्राणी नुसता शूर दिसून भागत नाही. त्याच्या पंजात काय आहे, छातीवर काय आहे, शेजारी कोण उभा आहे, यातच त्या घराण्याचा वारसा असतो. नेमकं तेच पुसट आलं तर हातात राहतं ते नुसतं पितळ.

गरुडापासून सुरुवात करतो, कारण तो खरोखर सुंदर उतरलाय. उजव्या पंजात राजदंड, डाव्यात क्रूस बसवलेला गोल, डोक्यावर मुकुट आणि पंखांवरून गेलेल्या पट्टीवर ‘देवासह, राजा आणि पितृभूमीसाठी’ हे 1813 च्या नेपोलियनविरोधी युद्धापासूनचं ब्रीद. पण माझी नजर सगळ्यात आधी गेली ती छातीवरच्या ‘एफ आर’ या अक्षरांकडे. हा काळा गरुड मुळात पवित्र रोमन साम्राज्याचा, आणि त्याच्याही मागे रोमन सैन्याच्या गरुडध्वजाची परंपरा. ट्यूटॉनिक सरदार या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या प्रमुखाच्या ढालीवरून तो प्रशियात आला. 1525 मध्ये त्यांचा प्रमुख आल्ब्रेख्त पोलंडच्या राजाचा मांडलिक ड्यूक झाला, तेव्हा गरुडाच्या छातीवर पोलिश राजा सिगिस्मुंडचं ‘एस’ हे अक्षर आलं. पुढे 1701 मध्ये क्योनिग्सबेर्गला फ्रीडरिखनं स्वतःला राज्याभिषेक करून घेतला आणि त्याच छातीवर ‘एफ आर’, म्हणजे ‘राजा फ्रीडरिख’, बसलं. मांडलिक ते राजा हा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास त्या दोन अक्षरांत आहे, आणि प्रतिकृती बनवणाऱ्यानं ती अक्षरं धारदार ठेवलीत. पिसांच्या रेषा मुळापर्यंत उतरल्यात, कडेला कुठेही बर, म्हणजे कापल्यावर उरणारी खरखरीत धार, नाही. मागून बघितलं तर सगळा आकार पोकळ, उलटा उमटलेला. पत्रा प्रेसमध्ये डाय-पंचानं ठोकला की असंच दिसायला हवं. शाबास म्हणावं असं काम.

त्या राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी फ्रीडरिखनं ‘काळा गरुड’ नावाचा राजसन्मान सुरू केला होता. त्याचा तारा आजही जर्मन लष्करी पोलिसांच्या बिल्ल्यावर आहे, ‘ज्याचं त्याला’ या लॅटिन ब्रीदासकट.

बव्हेरियाचं चिन्ह ठीक आहे. दोन सिंह ढाल धरून उभे, खाली ‘निष्ठेत अढळ’ हे ब्रीद. हे सिंह बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याकडे 1214 मध्ये राईनकाठच्या पॅलेटिनेट प्रांताबरोबर आले. बव्हेरियानं ही टोपी 1886 मध्येच स्वीकारली, त्याआधी त्यांचं केसाळ तुऱ्याचं वेगळं शिरस्त्राण होतं. सिंहांची आयाळ थोडी सपाट आलीय, ढालीवरचे बारीक चौकोन मात्र नीट मोजता येतात.

व्युर्टेम्बर्गच्या चिन्हानं घोर निराशा केली, आणि तेच मला सर्वात जास्त हवं होतं. खऱ्या चिन्हात ढालीच्या एका अर्ध्यात हरणाची तीन शिंगं, म्हणजे व्युर्टेम्बर्ग घराणं. दुसऱ्यात तीन सिंह, म्हणजे जुनं होहेनस्टाउफेन घराणं. त्यांचा शेवटचा वारस कोनराडिन याचा 1268 मध्ये नेपल्सला शिरच्छेद झाला. त्याच्या रक्ताची आठवण म्हणून रंगीत राजचिन्हात त्या काळ्या सिंहांचा उजवा पंजा लाल दाखवत, अशी परंपरा सांगतात. ढालीला एका बाजूनं सिंह धरतो, दुसऱ्या बाजूनं हरिण. आजच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या चिन्हातही तीन सिंह आहेत, हरिण आहे, फक्त हरणाच्या जोडीला आता बाडेनचा ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या धडाचा काल्पनिक प्राणी, उभा असतो. प्रतिकृतीत या हरणाच्या शिंगांचे फाटे एकमेकांत मिसळलेत आणि ढालीवरची तीन शिंगं तर वाळलेल्या फांद्यांसारखी दिसतात. उलटं केलं तर मागची बाजू भरीव आणि खरखरीत. हे ठोककाम नाही, ओतकाम आहे. जाहिरातीत तिन्ही ‘प्रेसवर ठोकलेली’ म्हटलं होतं. मागच्या कड्याही डाग देऊन, म्हणजे झाळून, चिकटवल्यात, पण डाग इतका ढिसाळ की एक कडी हातातच आली.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्यानं व्युर्टेम्बर्गचे पैसे परत केले, उरलेली दोन मी ठेवली.

याच दुकानात स्वस्तिक असलेले, 1933 ते 1945 दरम्यानच्या नाझी राजवटीचे गरुडही याच गरुडाशेजारी विकायला आहेत. ते मी घेतले नाहीत आणि कोणी घेऊ नयेत असं मनापासून वाटतं. ते चिन्ह जाहीरपणे मिरवणं जर्मनीत गुन्हा आहे. घ्यायचा असेल तर ‘एफ आर’वाला एकटा गरुड घ्या, आणि पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागून घ्या.